पाळणा लांबला तो शाळेच्या आधी: बांगलादेशातल्या मतलबचं प्रकरण

१९६१ च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानात पाच कोटींहून जास्त माणसं होती आणि पश्चिम पाकिस्तानात सव्वाचार कोटींच्या आसपास. दहा वर्षांनी देश फुटला. पूर्वेकडचा बांगलादेश तेव्हा जास्त गरीब होता आणि जास्त दाटीचाही. पूर, चक्रीवादळं त्याच्याच नशिबी जास्त. आज पाकिस्तानची लोकसंख्या २४ कोटींच्या पुढे गेली आहे (२०२३ ची जनगणना), तर बांगलादेश सतरा कोटींच्या घरात आहे. म्हणजे जो भाग आधी मोठा होता, तो आता बराच लहान झाला आहे.

हे कसं झालं असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: मुली शिकल्या, कुटुंबं लहान झाली, अन्न पुरायला लागलं. ऐकायला ते सरळ वाटतं आणि त्यातला प्रत्येक तुकडा खराही आहे. पण बांगलादेशात या गोष्टी त्या क्रमाने घडल्या नाहीत. तिथे जन्मदर घसरू लागला तेव्हा बहुसंख्य बायकांना अक्षरओळखही नव्हती. तांदळाचं उत्पादन वाढलं ते लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढत असताना. शिक्षणाचा मोठा परिणाम नंतर दिसला, आणि तो आजही अर्धवटच आहे. हा क्रम समजून घ्यायला हवा, कारण तो चुकीचा धरला की पैसा आणि माणसं चुकीच्या ठिकाणी लागतात. सुदैवाने तो जवळून पाहता येईल अशी एक जागा आहे.

मतलब

ढाक्यापासून साधारण ५५ किलोमीटरवर, आग्नेयेला, मेघनेच्या काठी चांदपूर जिल्ह्यात मतलब हा भाग आहे. नद्या, खाड्या, पावसाळ्यात बेटं होऊन जाणाऱ्या वाड्या. कॉलऱ्याचं हे जुनं घर. म्हणूनच १९६० मध्ये ढाक्यात सुरू झालेल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेने १९६३ मध्ये इथे ठाण मांडलं आणि १९६६ पासून गावागावांतल्या प्रत्येक जन्माची, मृत्यूची, लग्नाची आणि स्थलांतराची नोंद ठेवायला सुरुवात केली. हीच प्रयोगशाळा १९७८ पासून आयसीडीडीआर,बी या नावाने ओळखली जाते. नोंदवह्यांचं काम आजही चालू आहे. गरीब देशातल्या खेड्यांची इतकी लांब, इतकी बारीक नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडते.

या नोंदींत १९७४ चा दुष्काळ दिसतो, आणि लोकसंख्या व अन्न यांच्याबद्दलचे दोन गैरसमज तिथेच गळून पडतात.

पहिला गैरसमज असा की माणसं वाढली, धान्य कमी पडलं, म्हणून दुष्काळ आला. त्या वर्षी पूर मोठा होता हे खरं. पण अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे १९७१ ते १९७५ या वर्षांत दरडोई धान्य सगळ्यात जास्त उपलब्ध होतं ते नेमकं १९७४ मध्येच. पुराने शेतमजुरांचं काम गेलं, तांदूळ भराभर महागला आणि ज्यांच्या हातात मजुरी नव्हती त्यांच्या ताटात काही पडेना. भरीला, बांगलादेशने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्याची मदत अडवून धरली. सरकारी आकडा २६ हजार मृत्यूंचा. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कित्येक पट, थेट पंधरा लाखांपर्यंत जातात. मेले ते भूमिहीन. धान्य देशात होतं, त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

दुसरा गैरसमज जास्त जुना आणि जास्त क्रूर आहे: भूक आपोआप लोकसंख्येला आवर घालते. मतलबच्या नोंदी सांगतात की दर हजारी चाळीसच्या वर असलेला जन्मदर दुष्काळानंतर, १९७५ मध्ये, तीसच्या आसपास उतरला. उपाशी बाईला दिवस राहत नाहीत, नवरा कामाच्या शोधात दूर गेलेला असतो, लग्नं पुढे ढकलली जातात. पण १९७६ मध्ये जन्मदर पुन्हा जुन्या पातळीवर पोचला. भुकेने लोकांनी लहान कुटुंबाचा निर्णय घेतला नव्हता. ज्या घरात पोर दगावलं होतं तिथे तर पुढचं मूल लवकर व्हावं अशीच ओढ होती. त्या काळी देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त पाच वर्षांची व्हायच्या आत जात. म्हातारपणी एक तरी मुलगा हाताशी राहावा असं वाटणाऱ्या आईबापाने सहा-सात मुलं होऊ दिली तर त्याला अडाणीपणा म्हणणं अन्याय आहे. त्यांचा हिशेब त्यांच्या परिस्थितीत बरोबर होता.

१९७५ मध्ये काय फसलं

नव्या सरकारने लोकसंख्यावाढ हा देशापुढचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न ठरवला. मतलबमध्ये १९७५ मध्ये पहिला प्रयोग झाला तो अगदी साध्या गृहीतकावर: बायकांना मुलं थांबवायची आहेत, साधनं मिळत नाहीत, तर साधनं घरोघर पोचवा. गोळ्या आणि निरोध वाटायला गावातल्याच बायका नेमल्या. त्या बहुतेक वयस्कर, विधवा, निरक्षर. अशी निवड करण्यामागे विचार होता. म्हाताऱ्या बाईला कुठल्याही अंगणात शिरायला आडकाठी नसते, तिला मान असतो, पडद्याचा प्रश्न येत नाही.

सुरुवातीला गोळ्या खपल्या. काही महिन्यांतच वापर घसरायला लागला. गोळीने मळमळ होते, चक्कर येते, पाळी पुढेमागे होते. अशा वेळी बाई जिच्याकडून गोळी घेतली तिलाच विचारणार. त्या विधवेला उत्तर माहीत नव्हतं. तिने ती गोळी स्वतः कधी घेतलेली नव्हती. दुसरं साधन देण्याची सोयही नव्हती. मग गोळ्या फळीवर पडून राहिल्या.

मला हा फसलेला प्रयोग यशस्वी प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘पुरवठा केला की झालं’ असं मानणारे कार्यक्रम अजूनही जगभर चालतात, आणि ते असेच विझतात.

१९७७ मध्ये काय बदललं

ऑक्टोबर १९७७ मध्ये १४९ गावांपैकी ७० गावांत नवी सेवा सुरू झाली. उरलेल्या ७९ गावांत फक्त सरकारची नेहमीची व्यवस्था राहिली, म्हणजे तुलना करता येणार होती. दोन्ही बाजूंना मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास लोकसंख्या.

या वेळी ८० जणी निवडल्या. तरुण, लग्न झालेल्या, मूल असलेल्या, गावातल्याच प्रतिष्ठित घरांतल्या, साधारण आठवी शिकलेल्या आणि स्वतः गर्भनिरोधक वापरणाऱ्या. प्रत्येकीकडे सुमारे दोनशे घरं, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी फेरी. त्यांच्या मागे प्रशिक्षित परिचारिका, उपकेंद्रं आणि डॉक्टर. गोळीचा त्रास झाला तर इंजेक्शन. तेही नको असेल तर निरोध, तांबी किंवा शस्त्रक्रिया. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन घरच्या ओसरीवर मिळू लागलं. मतलबच्या बायकांना ते फार सोयीचं पडलं, कारण त्याची पाकिटं सासूच्या नजरेस पडत नाहीत. (या इंजेक्शनला खुद्द अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. गरीब देशातल्या बायकांवर ते आधी का वापरलं, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता.)

सुरुवातीला जेमतेम ७ टक्के जोडपी साधन वापरत होती. दीड वर्षाच्या आत हे प्रमाण तिशीच्या वर गेलं. १९९० च्या सुमारास निम्म्याहून जास्त जोडपी वापर करत होती, तर शेजारच्या ७९ गावांत पाव हिश्श्याच्या थोडं पुढे. पुढच्या अभ्यासांत सेवा मिळालेल्या गावांतल्या बाईला सरासरी सुमारे एक मूल कमी झालेलं दिसलं.

आता शिक्षणाचा मुद्दा. सेवा घेणाऱ्या बायका बहुतेक कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. शिकलेली होती ती दारात येणारी. आठवी शिकलेली सून गावातल्या प्रत्येक घरात असायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागणार होती. पण दोनशे घरांमागे अशी एक सापडणं १९७७ मध्येही शक्य होतं. एका बाईच्या शिक्षणाचा उपयोग दोनशे घरांना झाला. साऱ्या देशाला साक्षर करून मग कुटुंबनियोजनाकडे वळायचं असतं तर बांगलादेशची एक पिढी वाट बघण्यात गेली असती. १९९१ च्या जनगणनेतही दर चार बायकांपैकी जेमतेम एक साक्षर होती, आणि तोवर एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी पावणेसातवरून चाराच्या जवळ आली होती.

दुसरी गोष्ट मुलं जगण्याची. मतलबच्या सेविका पुढे धनुर्वाताची आणि गोवराची लस, हगवणीवर क्षार-संजीवनी (मीठ-गुळाचं पाणी) हेही देऊ लागल्या. देशभरात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरी जाऊन आयांना शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईला पगार मिळायचा तो आईला नंतर किती आठवतं आणि पाणी नीट बनवता येतं का, हे तपासून. किती साधी आणि किती विचारपूर्वक केलेली रचना! जन्मलेलं मूल जगतं असा विश्वास बसल्याशिवाय ‘दोनच पुरे’ हे वाक्य कुणाच्या मनात शिरत नाही.

सरकारने मतलबचा धडा देशभर नेला. परिवार कल्याण सहकारी म्हणून गावोगावच्या बायका नेमल्या, पुढे त्यांची संख्या २३ हजारांवर गेली. मतलबइतकी घट्ट देखरेख त्यात नव्हती, औषधं कधी संपायची, फेऱ्या चुकायच्या. तरीही १९७५ मध्ये देशात ८ टक्के असलेला साधनांचा वापर १९९३-९४ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेला.

याच काळात एक वाईट पर्वही झालं. नसबंदी करून घेणाऱ्याला रोख रक्कम आणि साडी किंवा लुंगी मिळे. ज्या घरात आठवडाभराचं धान्य नाही, तिथे हे ‘प्रोत्साहन’ राहत नाही. १९८४ च्या पुरानंतर तर मदतीचं धान्य शस्त्रक्रियेशी जोडल्याचे आरोप झाले. भुकेल्या बाईची संमती ही संमती नव्हे, हे मला ठामपणे म्हणावंसं वाटतं. शिवाय मतलबचं यश अशा सौद्यावर उभं नव्हतं. तिथे पाच-सहा पर्याय, पंधरा दिवसांची फेरी आणि त्रास झाला तर उपचार एवढ्यावर काम झालं.

शाळा कधी आली

याच चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती उपजिल्ह्यात १९८२ मध्ये एक छोटी योजना सुरू झाली होती: माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलीला दरमहा शिष्यवृत्ती. १९९४ मध्ये ती साऱ्या ग्रामीण भागात लागू झाली. सहावीतल्या मुलीला महिन्याला २५ टाका (बांगलादेशचं चलन), दहावीपर्यंत ६० टाका, आणि फी माफ. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण, आणि लग्न करायचं नाही. १९९० च्या सुमारास माध्यमिक शाळेतल्या दर तीन विद्यार्थ्यांत एक मुलगी होती. दशक संपता संपता निम्म्या मुली झाल्या. दक्षिण आशियात त्या वेळी हे अपूर्व होतं.

१९९३ मध्ये प्राथमिक शाळेसाठी ‘शिक्षणासाठी अन्न’ ही योजना आली. गरीब घरातलं एक मूल ८५ टक्के दिवस शाळेत गेलं तर महिन्याला १५ किलो गहू, एकापेक्षा जास्त मुलं गेली तर २० किलो. शाळेत जाणारं मूल म्हणजे मजुरीवर न जाणारं मूल. त्याची भरपाई धान्याने केली. पट वाढला. पण शिक्षक तेवढेच राहिले, वर्ग खच्चून भरले, गव्हाला वाटेत गळती लागली. २००२ मध्ये धान्याऐवजी रोख रक्कम आली.

मूल शाळेत घालणं महाग पडतं. वही-कपडा तर लागतोच, शिवाय त्याची कमाई जाते. सात मुलांचा बाप हा खर्च पेलू शकत नाही, दोघांचा कसाबसा पेलतो. म्हणून शिक्षण आणि कुटुंबाचा आकार यांच्यातला बाण दोन्हीकडे जातो. मतलबच्या ज्या गावांत सेवा मिळाली, तिथे पुढे १९९६ च्या पाहणीत बायकांची तब्येत सुधारलेली, घराची मालमत्ता वाढलेली आणि मुलग्यांचं शिक्षण पुढे गेलेलं आढळलं. आधी घर लहान झालं, मग त्यातली मुलं जास्त शिकली.

नव्वदच्या दशकात जननदर, म्हणजे एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी, ३.३ च्या आसपास थबकला. तीन पाहण्यांत आकडा जवळपास तोच. घरोघर साधनं पोचवून जेवढं होणार होतं तेवढं झालं होतं. पुढची घसरण शिकलेल्या मुली लग्न करून संसाराला लागल्यावर झाली: २००४ मध्ये ३.०, २००७ मध्ये २.७, २०११ मध्ये २.३. तयार कपड्यांचे कारखानेही तोवर लाखो मुलींना पगार देऊ लागले होते, आणि कारखान्यांच्या टप्प्यातल्या गावांत मुलींची लग्नं उशिरा होतात असं दिसलं. शिकून पुढे नोकरी आहे हे बापाला दिसलं की शाळेचं मोल त्याला पटतं.

तांदूळ

जननदर घसरला म्हणून लोकसंख्या थांबली नाही. १९७४ मध्ये साडेसात कोटींच्या आसपास असलेला देश २०२२ च्या जनगणनेत साडेसोळा कोटींवर होता. निम्मी लोकसंख्या पोरवयाची असते तेव्हा त्या सगळ्यांनी दोनच मुलं होऊ दिली तरी पुढची चार-पाच दशकं आकडा चढत राहतो. त्यामुळे ‘कुटुंबं लहान झाली म्हणून अन्न पुरलं’ हे वाक्य देशाच्या पातळीवर टिकत नाही. जमीन वाढली नाही, खाणारी तोंडं दुपटीहून जास्त झाली, आणि तांदूळ साधारण एक कोटी टनांवरून चार कोटींच्या जवळ गेला.

हे केलं ते बोरो भाताने. पूर्वी मुख्य पीक पावसाळी आमन. हिवाळ्यात शेतं बरीचशी रिकामी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने सिंचनाच्या यंत्रांच्या आयातीवरचे निर्बंध काढले आणि छोटी, स्वस्त चिनी डिझेल इंजिनं खेड्यात आली. उथळ कूपनलिका, त्यावर पंप, आणि भात संशोधन संस्थेचे १९९४ मध्ये आलेले ब्री धान २८ व २९ हे वाण. ज्याची जमीन एकराहून कमी, तोही शेजाऱ्याकडून पाणी विकत घेऊन बोरो लावू लागला. आज देशातला निम्म्याहून जास्त तांदूळ या एका हंगामातला आहे. खुद्द मतलबमध्ये धोनागोदा नदीच्या काठाने बांध घातला गेला, आतल्या गावांना पाणी आणि पुरापासून संरक्षण मिळालं.

१९९८ च्या पुरात दोन तृतीयांश देश दोन महिन्यांहून जास्त पाण्याखाली होता. दुष्काळ पडला नाही. खासगी व्यापाऱ्यांना भारतातून तांदूळ आणायची मुभा होती, त्यांनी आणला, भाव फार चढले नाहीत; सरकारने गरीब घरांना कार्डावर धान्य दिलं. १९७४ मध्ये जे केलं नाही ते या वेळी केलं, माणसं १९७४ पेक्षा पाच कोटींनी जास्त असताना.

लहान कुटुंबाचा परिणाम अन्नावर दिसतो तो घराच्या पातळीवर. वाटण्या कमी, आईच्या दोन बाळंतपणांत अंतर, अंगावरचं दूध जास्त दिवस. वयाच्या मानाने खुरटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण २००४ मध्ये ५१ टक्के होतं, २०२२ मध्ये २४ टक्के. त्यात तांदळाचा, शौचालयांचा, लसींचा, आईच्या शिक्षणाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही, आणि काढण्याचा अट्टहास करू नये असं मला वाटतं.

आक्षेप

मतलबवर गंभीर टीका झाली आहे. अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी १९९४ मध्ये मांडलं की लोकांना किती मुलं हवी आहेत यावरच जननदर मुख्यतः ठरतो. साधनांचा पुरवठा दुय्यम, आणि मतलबसारखी सेवा देशभर परवडणारी नाही. खर्चाबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय तुलनेच्या ७९ गावांतही जन्मदर उतरतच होता, फक्त हळू. पण ‘किती हवीत’ हा आकडा बायकांच्या मनात आधीपासून कोरलेला नसतो. दर पंधरा दिवसांनी कुणी तरी शिकलेली बाई येऊन बोलते, पोर आजारी पडलं तर औषध देते, तेव्हा तो आकडाही बदलतो. सासू, नवरा आणि मौलवी यांच्याखेरीज कुणाशी हे बोलता येतं, हेच आधी नवं होतं.

२.३ वर अडकलेला आकडा

२०११ पासून २०२२ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रीय लोकसंख्या-आरोग्य पाहणीत जननदर २.३ वरच राहिला. शिष्यवृत्तीची तिसरी अट, लग्न न करण्याची, समाजाने मानलेली नाही. २०२२ च्या पाहणीत विशीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. कायद्याने वय अठरा आहे. मुलगी दहावीपर्यंत जाते आणि दहावीनंतर, कधी दहावीतच, तिचं लग्न लागतं. हुंडा वयाबरोबर वाढतो, रस्त्यावरच्या छेडछाडीची भीती वाटते, आणि शिकून करायचं काय याचं उत्तर गावात नसतं. २०१४ च्या पाहणीत खुलना विभागात जननदर दोनाच्या खाली गेला होता, सिल्हेटमध्ये तो देशात वरच्या पातळीवर होता. शिष्यवृत्तीचे नियम दोन्हीकडे एकच.

सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीची दोन मुलं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी होऊन जातात. पुढची पंचवीस वर्षं तिला दिवस राहू नयेत म्हणून काढायची असतात, आणि देशात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन आजही रोजची गोळी आहे. तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट, शस्त्रक्रिया यांचं प्रमाण फार कमी. घरी येणाऱ्या सेविकांच्या फेऱ्याही पूर्वीसारख्या होत नाहीत; गोळी औषधाच्या दुकानातून येते, आणि मळमळ झाली तर विचारायला पुन्हा कुणी नसतं. १९७५ चा प्रयोग याच ठिकाणी फसला होता. पंधरा दिवसांची ती फेरी, पर्याय बदलून देणारी, दुष्परिणामांवर बोलणारी, या तरुण मुलींसाठी परत सुरू करणं आणि दहावीनंतर त्यांच्या हाताला कमाई देणं ही दोन कामं बांगलादेशात सध्या अर्धवट पडली आहेत.